फळ कोणाच्या हाती

कर्म केलं की फळ मिळतं, इथवर आपल्याकडच्या बहुतेक दर्शनांचं एकमत आहे. वाद पुढे सुरू होतो. ते फळ देतं कोण? मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी म्हणतात, कर्मच देतं. विधीप्रमाणे यज्ञ झाला की त्यातून 'अपूर्व' नावाची एक अदृश्य शक्ती निर्माण होते, आणि वेळ आली की तीच फळ पदरात टाकते. मध्ये दाता लागत नाही. ब्रह्मसूत्राचे कर्ते बादरायण म्हणतात, जड कर्माला काय कळतं? कोणाला किती द्यायचं हे ठरवायला जाणता हवा, म्हणून फळ ईश्वर देतो. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादाच्या अखेरीस, अवघ्या चार सूत्रांत हा वाद येतो. त्यात जैमिनींचं नाव घेऊन त्यांचं मत मांडलंय आणि लगेच पुढच्या सूत्रात बादरायणांनी आपलं मत नोंदवून विषय संपवलाय.

माझ्यासाठी तो संपला नाही. सदाशिव पेठेत एका वयोवृद्ध शास्त्रीबुवांकडे आम्ही काही जण दर गुरुवारी ब्रह्मसूत्रावरचं भाष्य वाचायला बसतो. 2019 च्या जानेवारीत याच वादाचं अधिकरण चाललं होतं. त्याच महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी टेनिस आणि फिगर स्केटिंग पाहताना हा वाद मला पोथीच्या बाहेर दिसला, आणि तेव्हापासून माझं मन त्यात गुंतून राहिलंय.

टेनिसचं वेड वडिलांकडून आलं. स्केटिंगचं भाचीने लावलं. ती निगडीला राहते. शाळेत असताना चाकांच्या स्केट्सवर स्पर्धा खेळली आहे, बर्फावर मात्र कधी उभी राहिलेली नाही. शनिवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच ती लॅपटॉप घेऊन आली. मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन संपत आली होती आणि बेलारूसमध्ये मिन्स्कला युरोपियन फिगर स्केटिंग स्पर्धा चालू होती.

शुक्रवारी मिन्स्कला मुलींची दुसरी फेरी, म्हणजे फ्री स्केट होती. अलिना झागितोवा पहिल्या फेरीनंतर, म्हणजे शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, पहिली होती. वर्षभरापूर्वीच, पंधराव्या वर्षी, तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं होतं. ते जिंकताना तिने फ्री स्केटमधल्या सगळ्या उड्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या. पाय दमल्यावर मारलेल्या उडीला दहा टक्के जादा गुण मिळत, त्याचा तिने पुरता लाभ घेतला होता. पुढच्या मोसमात नियम बदलला आणि फ्री स्केटमध्ये जादा गुण फक्त शेवटच्या तीन उड्यांनाच उरले. मिन्स्कमध्ये तिच्या उड्या बिघडल्या. सुवर्णपदक सोफिया सामोदुरोवाला गेलं. सामोदुरोवाच्या कार्यक्रमात डोळे दिपवणारं काही नव्हतं, पण जे करायचं ठरवलं होतं ते तिने स्वच्छ केलं.

'मावशी, आता गुण बघ,' भाची म्हणाली, आणि गुण कसे पडतात ते तिने मला नीट समजावलं. एक तांत्रिक मंडळ असतं. उडी कोणती होती, कोणत्या धारेवरून घेतली, हवेतले फेरे पुरे झाले की पाव फेरा कमी पडला, हे ते मंडळ चित्रफीत पुन्हापुन्हा पाहून ठरवतं. प्रत्येक उडीची मूळ किंमत तक्त्यात छापलेली असते. त्यावर नऊ परीक्षक उणे पाच ते अधिक पाच असे आपापले आकडे देतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गाळून उरलेल्यांची सरासरी काढतात. शिवाय त्या काळी पाच घटकांचे वेगळे गुण असत. बर्फावरची पकड, दोन उड्यांमधले दुवे, सादरीकरण, रचना आणि संगीताचा अर्थ लावणं.

माझ्या डोक्यात गुरुवारचा पाठ ताजा होता. तक्ता म्हणजे विधी. अमुक उडी, तमुक किंमत, हे जैमिनींचं. पण मूळ किंमत कळली तरी फळ हाती येत नाही. ती उडी कशी होती, तिच्यात जीव होता की नव्हता, हे पाहणारा जाणता बसवावाच लागतो, हे बादरायणांचं. मुली कार्यक्रम संपवून बाकावर बसतात, शेजारी प्रशिक्षक असतो, आणि वरच्या फलकाकडे डोळे लावून त्या निकालाची वाट पाहतात. त्या जागेला 'किस अँड क्राय' म्हणतात. स्वतः काय केलं हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्याचं काय झालं, हे दुसऱ्या कोणीतरी सांगायचं असतं.

टेनिसमध्ये तसा बाक नाही, कारण ती वाटच पाहावी लागत नाही. चेंडू रेषेला शिवला की आत, नाही शिवला की बाहेर. फटका किती देखणा होता याला कवडीची किंमत नाही. 2019 मध्ये रेषेवर पंच उभे असत आणि शंका आली तर खेळाडू हॉक-आय या कॅमेरा यंत्रणेकडे दाद मागत. 2021 पासून मेलबर्नला रेषेवरची माणसंच गेली, सगळा निवाडा कॅमेऱ्यांकडे आला. जैमिनींना हवं होतं तसं जग माणसाने कुठे उभारलं असेल तर ते टेनिसच्या कोर्टावर. मी त्याच जानेवारीत बालेवाडीला केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविचचा अंतिम सामना पाहिला होता. कार्लोविच चाळिशीला टेकलेला. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले आणि तिसऱ्यात अँडरसन जिंकला. दोघांत डावंउजवं करायला जागाच नव्हती, तरी विधीने एकाला फळ दिलं आणि दुसऱ्याला रिकाम्या हाताने पाठवलं. संध्याकाळी घरी येताना मनात कुठे सल नव्हता, कारण तिथे कोणी कोणावर अन्याय केलेला नव्हता.

शनिवारी दुपारी मात्र तोच विधी मला सोसवेना.

सकाळी दिल्लीचं संचलन पाहून झालं. दुपारी दोनला नाओमी ओसाका आणि पेत्रा क्वितोव्हा कोर्टावर आल्या. जी जिंकेल ती विजेती आणि शिवाय जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू, असा तो सामना होता. क्वितोव्हा डावखुरी. 20 डिसेंबर 2016 ला चेक प्रजासत्ताकातल्या प्रोस्तेयोव्हमध्ये तिच्या राहत्या घरात एक माणूस चाकू घेऊन शिरला आणि झटापटीत तिचा डावा हात कापला गेला. पाचही बोटांना जखमा झाल्या होत्या. शस्त्रक्रिया जवळजवळ चार तास चालली. ज्या हाताने तिने दोनदा विम्बल्डन जिंकलं तो हात पुन्हा रॅकेट धरेल की नाही, याची खात्री नव्हती. पाच महिन्यांनी ती पॅरिसला खेळायला उतरली. आणि आता, दोन वर्षांनी, ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत.

पहिला सेट ओसाकाने टायब्रेकरवर घेतला. दुसऱ्यात ओसाका 5-3 ने पुढे, सर्व्हिस क्वितोव्हाची, गुण 0-40. विजेतेपदाचे तीन पॉइंट ओसाकाच्या हाताशी होते. क्वितोव्हाने तिन्ही वाचवले. नुसते वाचवले नाहीत, तिथून सलग चार गेम घेऊन सेट 7-5 ने जिंकला. तो डावा फोरहँड कोर्टाच्या कोपऱ्यात जात होता आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर तिची ती पाच बोटं येत होती. मी देवासमोर बसल्यासारखी बसले होते. काय मागत होते ते मला स्वच्छ माहीत होतं. हिच्या हाताचं मोल कोणीतरी जाणावं, एवढंच माझं मागणं होतं.

रेषेला ते मोल कसं कळावं? चेंडू आत की बाहेर एवढंच तिला कळतं. मारणारा हात कापला गेला होता, शिवला गेला होता, महिनोन्महिने मूठ वळायला शिकत होता, याची नोंद कुठल्याच गुणफलकात नाही. बादरायणांचा आक्षेप मला त्या क्षणी जितका खरा वाटला तितका भाष्य वाचताना कधी वाटला नव्हता. जड नियमाला काय कळतं? जाणता हवा. ज्याने तो हात पाहिला आहे असा कोणीतरी फळ द्यायला हवा.

दुसऱ्या सेटनंतर ओसाका डोक्यावर टॉवेल ओढून कोर्टाबाहेर गेली. डोळे भरले होते. भाची एकदम म्हणाली, 'मावशी, आणि हिचं काय?' तिला मागच्या वर्षीचा सप्टेंबर आठवत होता. न्यूयॉर्कला यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात ओसाकाने सेरेना विल्यम्सला हरवलं, पण पंचांनी सेरेनाला ठोठावलेल्या दंडावरून प्रेक्षक इतके चिडले होते की बक्षीस समारंभात त्यांनी हुर्यो केली. वीस वर्षांची मुलगी पहिला ग्रँड स्लॅम हातात घेताना टोपी डोळ्यांवर ओढून रडत होती. तो दिवस कोणी मोजायचा? क्वितोव्हाचा हात पाहून फळ देणारा दाता ओसाकाचे ते अश्रू विसरला, तर मी त्याला जाणता कशी म्हणू? आणि दोन्ही लक्षात ठेवून त्याने निकाल द्यायचा म्हटलं तर तो काय करील? चषक तर एकच असतो.

ओसाका परत आली आणि तिसरा सेट 6-4 ने जिंकली. थोड्याच वेळापूर्वी हातातून निसटलेलं सगळं मागे टाकून इतक्या शांतपणे खेळणं मी फार थोड्यांत पाहिलंय. ती पहिल्या क्रमांकावर पोचली, एकेरीत तिथे पोचणारी ती आशियातली पहिली. क्वितोव्हा तिच्या साऱ्या कारकिर्दीत त्या जागी कधीच गेली नाही. समारंभात तिने आपल्या माणसांचे आभार मानले. पुन्हा रॅकेट धरता येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं तेव्हाही ते तिच्याबरोबर राहिले, असं सांगताना तिचा आवाज कापत होता.

हे सगळं मी पुढच्या गुरुवारी शास्त्रीबुवांना सांगितलं. त्यांनी टेनिस कधी पाहिलेलं नाही, पण त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि मला ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाकडे नेलं. ईश्वर फळ देतो म्हटलं की त्याच्यावर दोन आरोप येतात, पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा. सूत्रकारांचं उत्तर असं की ईश्वर मनाला येईल तसं देत नाही, ज्याच्या त्याच्या कर्माकडे पाहून देतो. शंकराचार्यांनी तिथे पावसाचा दृष्टान्त दिलाय. पाऊस सगळ्या शेतावर सारखा पडतो, तांदूळ की जव हे बियाण्यावर ठरतं. 'म्हणजे दाता आहे,' शास्त्रीबुवा म्हणाले, 'पण तो कर्म सोडून काही देऊ शकत नाही. जैमिनींचं अर्धं म्हणणं बादरायणांनी पोटात घेतलंय, ताई.'

उत्तर सुबक आहे. पण दात्याने कर्म बाजूला ठेवून फळ दिलं तर काय होतं हे स्केटिंगच्या जगाने पाहिलेलं आहे. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत सुवर्ण रशियन जोडीला गेलं. मागाहून फ्रान्सच्या परीक्षकावर रशियन जोडीला मत देण्यासाठी दबाव होता असं बाहेर आलं, आणि मग कॅनडाच्या साले आणि पेलेतिए यांनाही सुवर्ण देण्यात आलं. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत त्यातून मोडीत निघाली. नव्या पद्धतीत परीक्षकांवर कोणी दबाव आणू नये म्हणून कोणते गुण कोणाचे हे लपवलं गेलं. मग आरडाओरडा झाला की लपलेल्या परीक्षकाला जाब कसा विचारायचा, आणि 2016 मध्ये ती गुप्तताही काढून टाकली. फळ देणारा दिसला तर त्याच्यावर दडपण येतं, दिसला नाही तर त्याच्यावर विश्वास बसत नाही. ईश्वराबद्दल माणूस आयुष्यभर ज्या दोन तक्रारी करतो त्या या खेळात चौदा वर्षांत लिहून, ठराव करून झाल्या.

त्या शनिवारचं मिन्स्क मात्र सांगायचं राहिलं. हाविएर फर्नांडेझ, माद्रिदचा, शेवटची स्पर्धा खेळत होता. स्पेनला बर्फावरच्या खेळाची परंपरा नव्हती. त्या देशातून येऊन त्याने दोनदा जग जिंकलं, ऑलिंपिक कांस्य घेतलं आणि 2013 पासून युरोपचं विजेतेपद कोणाला दिलं नाही. त्या मोसमात ही एकच स्पर्धा करून तो थांबणार होता. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर तो तिसरा होता. फ्री स्केटला संगीत 'मॅन ऑफ ला मांचा'चं, म्हणजे डॉन किहोतेचं. वय सत्तावीस, या खेळात उताराचं. आता त्याला काही मिळवायचं उरलं नव्हतं, त्यामुळे असेल, पण तो बर्फावर इतका मोकळा होता की भाचीने लॅपटॉपवरचा आवाज वाढवायचं सोडून नुसतं पाहिलं. उड्यांच्या मधल्या वेळात त्याचं काम मोठं होतं. हाताची एक फेक, मानेचा एक झोका, आणि तो सरदार उभा राहायचा. अलेक्सांदर सामारिनला दोन गुणांपेक्षाही कमी फरकाने मागे टाकून त्याने सातवं विजेतेपद घेतलं.

'परीक्षकांनी निरोप म्हणून दिलं असेल का?' मी विचारलं.

'नाही,' भाची ठाम होती. 'घटकांचे गुण बघ. तो खरंच तसा स्केट करतो.'

मला तिचं उत्तर आवडलं आणि माझा प्रश्नही सोडवेना. दुपारी क्वितोव्हासाठी मी जे मागत होते तेच इथे कोणी फर्नांडेझला दिलं असतं तर मला ते चाललं नसतं. मग दुपारी मी नेमकं काय मागत होते?

रविवारी मेलबर्नला पुरुषांच्या अंतिम सामन्यात योकोविचने नदालला 6-3, 6-2, 6-3 असं हरवलं. याच दोघांनी याच कोर्टावर 2012 मध्ये 5 तास 53 मिनिटं झुंज दिली होती, समारंभात दोघांना बसायला खुर्च्या आणाव्या लागल्या होत्या. या वेळी दोन तासांत सगळं आटोपलं. योकोविचने अख्ख्या सामन्यात स्वतःहून फक्त नऊ चुका केल्या. खेळ एकतर्फी असल्याने माझं लक्ष निकालावरून सुटलं आणि खेळाडू कुठे पाहतात तिकडे गेलं. महत्त्वाचा पॉइंट संपला की खेळाडू प्रेक्षकांतल्या आपल्या माणसांच्या कोपऱ्याकडे पाहतो. जिंकला तरी पाहतो, हरला तरी पाहतो. तिथे प्रशिक्षक असतो, घरचे असतात. त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना तिथून एक शब्द सुचवायची परवानगी नव्हती. न्यूयॉर्कला सेरेनावरची पहिली ताकीद याच कारणाने आली होती. म्हणजे ते लोक काहीही देऊ शकत नव्हते, ना गुण, ना सल्ला. तरी खेळाडूची मान दर वेळी तिकडे वळायची.

मुंडक उपनिषदात एका झाडावरचे दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा खात नाही, पाहतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या पुढच्या मंत्रात जे आहे ते मला त्या रविवारी कळलं. खाणारा पक्षी आपल्या असहायतेने शोकात बुडतो, आणि त्याचा शोक जातो तो त्या दुसऱ्या पक्ष्याकडे नजर गेल्यावर. त्याला गोड फळ मिळतं असं तिथे म्हटलेलं नाही. पाहणारा पक्षी फांदीवरून उतरून काही देत नाही. तो आहे, तो पाहतो आहे, हे दिसल्यावर शोक उरत नाही.

क्वितोव्हासाठी मी हे मागत होते. तिचा हात कोणीतरी पाहिलेला असावा. चषक ही वेगळी गोष्ट, ती रेषेनेच ठरवावी, आणि रेषेला दयामाया नसावी हेच बरं. दया आली की 2002 फार लांब नसतं. पण पाहणारा मात्र असावा, आणि त्याला सगळं दिसावं. क्वितोव्हाचा हात दिसावा, ओसाकाचा टॉवेल दिसावा, सामारिनची दोन गुणांनी हुकलेली संध्याकाळही दिसावी. आम्ही घरात बसून जे करतो ते याचंच अपुरं रूप आहे. अपुरं अशासाठी की चाहत्याला आपलाच खेळाडू दिसतो, समोरचा अर्धाच दिसतो.

शास्त्रीबुवांचा यावर आक्षेप आहे. साक्षी उदासीन असतो, त्याला माया लावू नका, असं ते म्हणतात. शास्त्र म्हणून ते बरोबर असतील. पण मी पंढरपूरला वाढले. आमच्या देवाचा हात वर देण्याच्या मुद्रेत नाही, अभय देण्याच्या मुद्रेतही नाही. दोन्ही हात कमरेवर आहेत. लोक आषाढीत दिवसदिवस बारीत उभे राहतात आणि क्षणभर समोर जाऊन येतात. तेवढ्यात त्यांना काही दिलं जात नाही. त्यांनी पाहिलं, आणि त्यांना पाहिलं गेलं, एवढंच घडतं. ते पाहणं उदासीन आहे असं त्या बारीतल्या कोणालाही सांगून पटणार नाही, मलाही पटत नाही. बादरायणांचा फलदाता मी नाकारत नाही. माझ्या उपासनेत मात्र तो येत नाही, तिथे मला हा कमरेवर हात ठेवलेला लागतो.

भाचीला माझं हे सगळं म्हणणं अर्धवट वाटतं. तिचं म्हणणं असं की पाहणाऱ्याने पाहावं, पण गुण देणाऱ्याने गुण बरोबर दिलेच पाहिजेत, नाहीतर पाहण्याला काय अर्थ? ती लहानपणी निगडीत पडून उठलेली आहे, तिला ते म्हणायचा अधिकार आहे. अजूनही मोठी स्पर्धा झाली की ती परीक्षकांची गुणपत्रकं उघडते, कोणत्या परीक्षकाने कोणत्या उडीला काय दिलं हे ओळीओळीने तपासते, आणि कुठे खटकलं तर रात्री उशिरा मला फोन करते.